जड गोळी वर का लागते? – नववीच्या ‘गतीचे नियम’ पाठाच्या निमित्ताने



आजचा लेख एका चुकीबद्दल आहे. ती चूक विद्यार्थिनीची नाही, माझी आहे. दोन गुणांच्या एका प्रश्नात मी एका मुलीला शून्य दिलं आणि नंतर कळलं की उत्तर तिचं बरोबर होतं, माझं अर्धवट होतं. त्या निमित्ताने संवेग, क्रिया-प्रतिक्रिया आणि मुक्त पतन हे तीन घटक एकाच उदाहरणात कसे शिकवता येतात ते मला सापडलं. तुमच्याही वर्गात उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

प्रश्न काय होता?

मी वैरागला शिकवतो. नववीच्या विज्ञानाचा पहिलाच पाठ ‘गतीचे नियम’. त्यात बंदूक आणि गोळीचं उदाहरण येतंच. गोळी पुढे जाते, बंदूक मागे धक्का देते, दोघांचे संवेग परिमाणाने समान आणि दिशेने विरुद्ध. मुलांना हे पाठ असतं. म्हणून घटक चाचणीत मी जरा वेगळा प्रश्न घातला:

‘एकाच रिव्हॉल्व्हरमधून, एकाच ठिकाणी नेम धरून, आधी हलकी आणि मग जड गोळी झाडली. २५ मीटरवरच्या फळ्यावर कोणती गोळी वर लागेल? कारण द्या.’

माझं अपेक्षित उत्तर असं होतं: जड गोळीचा वेग कमी असतो, तिला फळ्यापर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागतो, तेवढ्या वेळात ती जास्त खाली येते. म्हणून हलकी वर, जड खाली.

बहुतेकांनी ‘हलकी’ असंच लिहिलं. कारणं मात्र वेगवेगळी होती. काहींनी लिहिलं, जड वस्तू लवकर खाली पडते. हे चूकच, कारण गुरुत्व त्वरण वस्तुमानावर अवलंबून नसतं. काहींनी माझ्या मनातलं कारण लिहिलं. एकाने लिहिलं, ‘गोफणीत मोठा धोंडा घातला की जवळच पडतो, तसंच.’ ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेलं पोर ते. त्याला मी अर्धा गुण जास्तच दिला!

आणि एका मुलीने लिहिलं: ‘जड गोळी वर लागेल. कारण आजोबा सांगतात की बार उडताना नळीचं तोंड वर होतं.’

मी लाल पेनाने फुली मारली. बाजूला लिहिलं, ‘कारण शास्त्रीय हवे.’

आजोबा शाळेत आले

पालकसभेला आईवडिलांच्या ऐवजी आजोबाच आले. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, हत्यारांच्या देखभालीचं काम केलेले. रागावले नव्हते. पेपर घडी घालून खिशात आणला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले,

“सर, नात रडत घरी आली वो. मार्कांसाठी नाही. म्हणती, सरांनी तुम्हाला खोटं ठरवलं.”

मी माझं कारण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही. गोळी खाली येतीच. पण सर, आम्ही चांदमारीला डोळ्यांनी बघितलेलं आहे. एकच हत्यार, एकच माणूस, काडतूस तेवढं बदललं. जड गोळी वरच जाती. गोळी बाहेर पडायच्या आधीच तोंड उचललेलं असतंय. तुम्ही गणित करून बघा की.”

‘गणित करून बघा’ हे शब्द मला लागले. कारण गणित मी केलंच नव्हतं. अर्धं केलं होतं आणि तेवढ्यावर फुली मारली होती. त्या रात्री वही घेऊन बसलो. जे निघालं ते आता पायरीपायरीने मांडतो.

पायरी १ : स्थिर माशीचं रिव्हॉल्व्हर म्हणजे काय?

नेम धरण्यासाठी हत्यारावर दोन खुणा असतात. मागे खाच आणि पुढे नळीच्या तोंडाशी उंचवटा, ज्याला आपल्याकडे माशी म्हणतात. खाचेतून माशी आणि माशीवरून लक्ष्य, अशी तिन्ही एका रेषेत आणायची. खेळाच्या पिस्तुलांवर हे भाग स्क्रूने वरखाली, डावीउजवीकडे सरकवता येतात. पण साध्या रिव्हॉल्व्हरवर ते पक्के असतात. खाच वरच्या पट्टीतच कोरलेली, माशी नळीला जोडलेली. कारखान्यात जी उंची ठरली ती ठरली. असं रिव्हॉल्व्हर कुठल्या तरी एका वजनाच्या गोळीसाठीच जुळवलेलं असतं. ०.३८ स्पेशल या प्रसिद्ध काडतुसासाठी ते वजन सर्वसाधारणपणे १५८ ग्रेन धरतात.

ग्रेन म्हणजे किती? हे मुलांना सांगताना मजा येते. १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६४८ ग्रॅम. आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, म्हणजे ११.६६ ग्रॅम. (आज सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात, ती गोष्ट वेगळी.) बारा माशांचा तोळा, म्हणजे एक मासा १५ ग्रेनचा. तर १५८ ग्रेनची गोळी साडेदहा मासे भरते आणि ११० ग्रेनची सव्वासात माशांहून किंचित जास्त. घरात आजी असेल तर मुलांना हे गणित आजीला विचारायला सांगा.

आपण पुढे याच दोन गोळ्या घेऊ. आकडे गोळाबेरीज धरलेले आहेत:

– जड गोळी: १५८ ग्रेन, म्हणजे १०.२ ग्रॅम. वेग सेकंदाला सुमारे २३० मीटर.
– हलकी गोळी: ११० ग्रेन, म्हणजे ७.१ ग्रॅम. वेग सेकंदाला सुमारे ३०० मीटर.

पायरी २ : माझं अर्धं गणित

फळा २५ मीटरवर. हवेचा रोध सोडून देऊ.

जड गोळीला लागणारा वेळ = २५ ÷ २३० = ०.१०९ सेकंद. तेवढ्या वेळात ती ४.९ × ०.१०९ × ०.१०९ मीटर, म्हणजे सुमारे ५.८ सेंमी खाली येते.

हलक्या गोळीला लागणारा वेळ = २५ ÷ ३०० = ०.०८३ सेकंद. ती सुमारे ३.४ सेंमी खाली येते.

फरक २.४ सेंमी. म्हणजे दोन्ही गोळ्या एकाच दिशेने सुटल्या असत्या तर जड गोळी २.४ सेंमी खाली लागली असती. माझं उत्तर इथे संपत होतं.

पण ‘दोन्ही गोळ्या एकाच दिशेने सुटल्या असत्या तर’ हे कोणी ठरवलं? प्रश्नात ‘एकाच ठिकाणी नेम धरून’ असं होतं. नेम चाप ओढायच्या आधी धरलेला असतो. गोळी सुटते ती त्यानंतर. मधल्या वेळात काय होतं, हा विचार मी केलाच नव्हता.

पायरी ३ : मधल्या वेळात काय होतं?

दारू पेटली की वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो आणि तेवढ्याच बलाने हत्याराला मागे. न्यूटनचा तिसरा नियम. महत्त्वाचं हे की ही प्रतिक्रिया गोळी बाहेर पडल्यावर सुरू होत नाही. गोळी नळीत हलायला लागते त्याच क्षणी हत्यारही मागे जायला लागतं.

आता हत्यार धरलंय कुठे? मुठीत. आणि नळी कुठे आहे? मुठीच्या वर. बल वरच्या बाजूला, आधार खालच्या बाजूला. दाराला बिजागरीपासून लांब ढकललं की ते फिरतं, तसंच हत्यार मुठीभोवती फिरतं आणि नळीचं तोंड वर उठतं.

गोळी नळीत किती वेळ असते? नळी १० सेंमीची आणि त्वरण एकसारखं धरलं तर सरासरी वेग शेवटच्या वेगाच्या निम्मा. जड गोळीला ०.१ ÷ ११५ = ०.०००८७ सेकंद. हलकीला ०.१ ÷ १५० = ०.०००६७ सेकंद. दोन्ही वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी. पण एवढ्यातही तोंड थोडं उचललं जातं. आपल्याला हात उडताना दिसतो तो बहुतेक धक्का गोळी निघून गेल्यावरचा असतो. त्याचा गोळीवर काही परिणाम नाही. परिणाम होतो तो डोळ्याला न दिसणाऱ्या सुरुवातीच्या उचलीचा.

पायरी ४ : वेग छाटला जातो!

माझ्या दृष्टीने या सगळ्या पाठातली सर्वात सुंदर जागा ही आहे. फळ्यावर सावकाश सोडवा.

गोळी नळीत असताना हत्यार किती मागे सरकतं?

हत्याराचा शेवटचा वेग = गोळीचं वस्तुमान × गोळीचा वेग ÷ हत्याराचं वस्तुमान. (संवेग अक्षय्यता.)

त्याचा सरासरी वेग याच्या निम्मा.

लागलेला वेळ = २ × नळीची लांबी ÷ गोळीचा वेग.

आता सरासरी वेगाला वेळेने गुणा. गोळीचा वेग एकदा वर आहे, एकदा खाली. छाटला जातो! २ सुद्धा छाटला जातो. उरतं काय?

हत्यार मागे सरकलेलं अंतर = गोळीचं वस्तुमान × नळीची लांबी ÷ हत्याराचं वस्तुमान.

म्हणजे या साध्या गणितात गोळी किती वेगाने जाते याला महत्त्वच राहत नाही, फक्त ती किती जड आहे यालाच राहतं. हलकी गोळी जोरात जाते पण नळीत कमी वेळ राहते. जड गोळी हळू जाते पण जास्त वेळ राहते आणि तिचा संवेगही जास्त आहे (२.३५ विरुद्ध २.१३ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद). हिशोब शेवटी वस्तुमानावर येऊन थांबतो.

९०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर मोकळं ठेवलं असं धरलं तर जड गोळीने ते १.१ मिमी सरकतं, हलकीने ०.८ मिमी. हातात धरल्यावर ही हालचाल सरळ मागे न होता फिरण्यात जाते. तोंड वर उठण्याचा कोनही याच प्रमाणात, म्हणजे गोळीच्या वस्तुमानाच्या प्रमाणात.

खऱ्या हत्यारात दारूच्या वायूचंही वस्तुमान असतं, हाताची पकड असते, त्वरण एकसारखं नसतं. म्हणून हे उत्तर तंतोतंत नाही, अंदाजाचं आहे. मुलांना हेही सांगा. पण दिशा कळायला एवढं पुरेसं आहे.

पायरी ५ : मग नेम चुकत कसा नाही?

एका मुलाने लगेच विचारलं, “सर, नळी दर वेळी वर उठते तर गोळी दर वेळी वरच जायला पाहिजे. मग नेम कसा लागतो?”

फार चांगला प्रश्न. उत्तर माशीच्या उंचीत आहे. माशी मुद्दाम उंच केलेली असते. त्यामुळे खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणलं की नळी मात्र थोडी खाली झुकलेली असते. बार उडताना ती वर उठते आणि गोळी बाहेर पडते तेव्हा हवी त्या दिशेला आलेली असते.

वर्गात हे दाखवायला पेनाची मोकळी नळी घ्या. मागच्या टोकाला शाडूचा किंवा मळलेल्या कणकेचा छोटा ठिपका, पुढच्या टोकाला थोडा मोठा. दोन्हींच्या माथ्यावरून भिंतीवरच्या खुणेकडे बघा आणि मित्राला बाजूने नळी बघायला सांगा. नळी खाली रोखलेली दिसेल.

ही माशी १५८ ग्रेनच्या उचलीसाठी जुळवलेली आहे. त्यात ११० ग्रेनची गोळी घातली तर नळी पूर्वीएवढी उठणारच नाही. थोडी झुकलेली असतानाच गोळी बाहेर पडेल. म्हणून हलकी गोळी खाली लागते. आजोबा हेच सांगत होते, फक्त उलट बाजूने.

पायरी ६ : दोघंही बरोबर, पण कुठपर्यंत?

आता दोन्ही परिणाम एकत्र करू. समजा जड गोळी सुटताना नळी ०.३३ अंश उठते. (हा आकडा हत्यारावर आणि पकडीवर अवलंबून आहे. मी एक शक्य वाटणारा घेतला आहे.) मग वस्तुमानाच्या प्रमाणात हलक्या गोळीला ०.२३ अंश. फरक ०.१ अंशाचा. ०.१ अंश म्हणजे दर मीटरला सुमारे १.७५ मिमी.

१० मीटरवर: कोनामुळे जड गोळी १.७५ सेंमी वर, गुरुत्वामुळे ०.४ सेंमी खाली. एकूण सुमारे १.४ सेंमी वर.

२५ मीटरवर: कोनामुळे ४.४ सेंमी वर, गुरुत्वामुळे २.४ सेंमी खाली. एकूण २ सेंमी वर.

५० मीटरवर: कोनामुळे ८.७ सेंमी वर, गुरुत्वामुळे ९.५ सेंमी खाली. एकूण ०.८ सेंमी खाली!

बघा गंमत. कोनाचा परिणाम अंतराच्या प्रमाणात वाढतो, गुरुत्वाचा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. आलेखावर एक सरळ रेषा आणि एक वक्ररेषा. आपल्या आकड्यांत ती दोन्ही साधारण ४६ मीटरवर छेदतात. त्याच्या अलीकडे आजोबा बरोबर, पलीकडे मी बरोबर. माझ्या प्रश्नात अंतर होतं २५ मीटर. म्हणजे पेपर तपासताना चुकलो मीच.

गोफणीच्या पोराचंही चुकलं नव्हतं. गोफणीतला धोंडा लांब जातो, बराच वेळ हवेत राहतो. तिथे वेग आणि गुरुत्व यांचाच खेळ असतो. त्याने लांबचा अनुभव जवळच्या प्रश्नाला लावला, एवढंच. उदाहरण कुठपर्यंत ताणायचं हे शिकवणं आपलं काम.

हे फक्त पुस्तकातलं नाही

पालकांना वाटेल, रिव्हॉल्व्हरच्या गोळीचं आपल्याला काय करायचंय? पण हा प्रश्न खरोखर उभा राहिलेला आहे. ब्रिटिशांच्या काळात लष्कराने ०.३८ चं एनफिल्ड नंबर २ रिव्हॉल्व्हर घेतलं. त्याची मूळ गोळी २०० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १३ ग्रॅमची, नुसत्या शिशाची. पुढे मऊ शिशाची गोळी युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बसेल का, अशी शंका आली. म्हणून धातूचं आवरण असलेली १७८ ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅमची गोळी आणली गेली. माशी मात्र पक्की. वरच्या नियमाने कोन किती टक्के कमी होईल? मुलांना काढू द्या. (१७८ ÷ २०० = ०.८९, म्हणजे ११ टक्के कमी.)

आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. काडतुसाच्या प्रत्येक जातीत गोळीचं वजन आणि दारूचं प्रमाण काटेकोर का ठेवावं लागतं, हे या पाठानंतर मुलांना आपोआप कळतं. वजन बदललं तर नेम बदलतो.

खेळाडूंचंही तसंच. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक घेऊन आला. वर्गात ही नावं घेतली की मुलांचे कान टवकारतात. या खेळाडूंच्या हत्यारांवरची नेम धरायची साधनं सरकवता येतात. गोळ्या बदलल्या की ती पुन्हा जुळवता येतात. पक्क्या माशीच्या रिव्हॉल्व्हरवर ती सोय नाही. तिथे दोनच मार्ग: ज्या वजनासाठी हत्यार जुळवलंय तेच वजन वापरायचं, किंवा माशीची उंची बदलायची. माशी घासून कमी केली की गोळी वर लागते, कारण माशी लक्ष्यावर आणायला नळी जास्त उचलावी लागते. पण घासलेली माशी पुन्हा वाढत नाही! आधी बघा, मग घासा. (पेपर तपासणाऱ्यालाही हे लागू पडतं, असं मला वाटून गेलं.)

वर्गात करायचे दोन प्रयोग

एक गोष्ट ठणकावून सांगतो. यासाठी खरं किंवा खेळण्यातलं हत्यार शाळेत आणायचं नाही. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे. आणि परवाना असला तरी शाळा ही त्याची जागा नाही. घरी परवान्याचं हत्यार असेल तर पालकांनी ते कुलपातच ठेवावं. आपलं काम फळी आणि रबरबँडने होतं.

प्रयोग १ (धक्का): वीतभर फळी घ्या. एका टोकाला दोन खिळे आणि मागे मधोमध एक खिळा ठोका. पुढच्या दोन खिळ्यांना रबरबँड लावून मागे ओढा आणि दोऱ्याच्या फासाने मागच्या खिळ्याला अडकवा. फळी पाच-सहा गोल पेन्सिलींवर ठेवा. रबरबँडच्या कुशीत औषधाची छोटी डबी ठेवा. मग शिक्षकांनी दोरा कात्रीने कापायचा. डबी पुढे, फळी मागे. फळी किती सरकली ते पट्टीने मोजा. आता डबीत वाळू भरा आणि रबर तेवढंच ताणून पुन्हा करा. डबी हळू जाईल, पण फळी जास्त मागे सरकेल. प्रत्येक वजनाला तीन वेळा मोजून सरासरी काढा. डबीच्या वाटेत कोणी उभं राहू नये.

प्रयोग २ (पतन): पुठ्ठ्याची पन्हळ करून टेबलावर उतरती ठेवा. तिचं खालचं टोक टेबलाच्या कडेशी आडवं असू द्या. टेबलापासून हातभर अंतरावर उभी फळी ठेवा, तिला कार्बन पेपर आणि कोरा कागद लावा. पन्हळीच्या वरून गोटी सोडा, मग मधून सोडा. मधून सोडलेली गोटी हळू जाते आणि कागदावर खाली लागते. तीच गोटी आहे, वजन बदललेलं नाही. म्हणजे खाली लागण्याचं कारण वजन नसून वेळ आहे, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

दोन्ही प्रयोग झाल्यावरच मूळ प्रश्न विचारा. एकाच प्रयोगावर थांबलात तर तुमचंही माझ्यासारखं होईल.

दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला मी फळ्यावर प्रश्न लिहिला आणि म्हणालो, “या प्रश्नाचं माझं उत्तर चुकलं होतं. आज मी ते दुरुस्त करतोय.” वर्ग एकदम शांत झाला. सर चुकले म्हणतायत हे त्यांना नवीन होतं. सगळं गणित सोडवलं. वेग छाटला गेला तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी “आयला!” म्हणालं. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

त्या मुलीला दोन गुण द्यायचे की एक, यावर मी विचार केला. उत्तर बरोबर होतं, कारणही बरोबर होतं, पण ‘आजोबा सांगतात’ हा पुरावा नव्हे. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “सर, एकच द्या. तोंड वर का होतं ते मला लिहिता आलं नव्हतं.” मी दीड दिला. ज्यांनी माझ्या मनातलं कारण नीट लिहिलं होतं त्यांचे गुण मी कापले नाहीत. प्रश्न विचारणाराच चुकला असेल तर त्याची शिक्षा मुलांना कशाला?

आणि आजोबांना निरोप पाठवला, की एकदा वर्गात या. आले. हत्यार नाही, नुसता खडू घेऊन बोलले. चांदमारीच्या फळ्यावर गोळ्यांचा गट कसा वाचायचा, एका गोळीवरून निष्कर्ष का काढायचा नाही, एकाच हत्याराने दोन माणसांचा नेम वेगळा का लागतो, हे सांगितलं. ढिल्या मुठीत तोंड जास्त उठतं, घट्ट मुठीत कमी. मला पुस्तकात जे ‘पकडीवर अवलंबून’ असं एका शब्दात सापडलं असतं, ते त्यांनी मूठ वळून दाखवलं.

नात पहिल्या बाकावर बसली होती. तिच्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही. पण ती बघत होती आजोबांकडे.

शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी

मुलं घरून जे घेऊन येतात त्यात अंधश्रद्धाही असते आणि वर्षानुवर्षांचं निरीक्षणही असतं. दोन्हींच्या सुरुवातीला ‘आजोबा सांगतात’ हेच शब्द असतात. वेगळं कसं करायचं? फुली मारून नाही, ‘कशावरून?’ असं विचारून. मी त्या पेपरवर ‘कारण शास्त्रीय हवे’ असं लिहिण्याऐवजी ‘तोंड वर का होतं?’ एवढं लिहिलं असतं, तर ती रडत घरी न जाता विचार करत गेली असती. आता मी असंच लिहितो.

पालकहो, मुलाने घरी येऊन ‘सर असं म्हणाले’ असं सांगितलं आणि तुमचा अनुभव वेगळा असेल, तर गप्प बसू नका आणि भांडूही नका. पेपर घडी घालून खिशात घ्या आणि शाळेत या. आम्हालाही शिकायचं असतं.

स्वाध्याय

१. नळी १० सेंमीऐवजी ५ सेंमीची असेल तर हत्यार मागे सरकण्याचं अंतर किती होईल? (गोळीचं वस्तुमान तेच.)
२. रिव्हॉल्व्हर ९०० ऐवजी ४५० ग्रॅमचं असेल तर? हलक्या हत्यारात गोळी बदलण्याचा फरक जास्त जाणवेल की कमी?
३. १०, २०, ३०, ४०, ५०, ६० मीटर अंतरांसाठी दोन्ही परिणामांचा आलेख काढा. छेदनबिंदू शोधा.
४. माशी उंच केली तर गोळी वर लागेल की खाली? पेनाच्या नळीवर करून बघा, मग लिहा.
५. घरातल्या मोठ्या माणसांना त्यांच्या कामातलं असं एक निरीक्षण विचारा, जे ऐकायला उलटं वाटतं पण खरं आहे. ते का खरं असेल, याचं कारण शोधा.

पाचव्या प्रश्नाला गुण ठेवू नका. उत्तरं मात्र जपून ठेवा. माझ्या वर्गात एकाने लिहून आणलंय की भरलेल्या बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं तर जू वर उचलतं. आता तो पुढचा तास.